कोंबड्याच्या चोचीत काय जातं, ते पाहा

कोंबडा पाळायचा म्हणजे सकाळ-संध्याकाळ मूठभर दाणे टाकायचे, बाकीचं तो अंगण उकरून मिळवतो, असा बहुतेकांचा समज असतो. तो उकरून खातो हे खरंच आहे. पण उकरून काय काय खातो, याकडे लक्ष फार थोड्या घरांत असतं. आमच्या घरच्या सरदारची हकिगत त्यासाठीच सांगायची. तांबडा, उंचापुरा गावरान कोंबडा आणि तीन कोंबड्यांचा कारभारी. त्याच्या खाण्याच्या तऱ्हा अशा, की येणारा-जाणारा उभा राहून बघे. त्यातल्या बहुतेक तऱ्हांमागे शास्त्र निघालं. एक मात्र त्याच्या जिवावर बेतली.

मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या अंगणात वाळत घातल्या, की सरदार हजर. मिरची चोचीत धरून दोनदा आपटायची आणि सांडलेल्या बिया एकेक करून टिपायच्या, हा त्याचा उद्योग. ना पाण्याच्या भांड्याकडे धाव, ना मान झटकणं. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे आपल्या तोंडाची आग होते, कारण ते द्रव्य मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला चेतवतं. तो ग्राहक कोंबड्यातही असतो, पण कॅप्सेसिनला जवळजवळ दाद देत नाही. स्वेन-एरिक जॉर्ड्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी २००२ साली हा फरक नेमका कशात आहे ते उलगडून दाखवलं. शरीराला उष्णता आणि स्पर्श कसे कळतात, यावरच्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. गोडाची कथाही अशीच आहे. गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक कोंबड्यांमध्ये नाहीच. लाडानं दिलेलं बिस्कीट कोंबडा चुरा म्हणून टिपतो, त्यातली साखर त्याच्या गावीही नसते.

तिखट सोसतं म्हणून कालवणाचं उरलंसुरलं घालावं, असा याचा अर्थ नाही. कोंबड्याला तिखट बाधत नसलं तरी मीठ बाधतं. लोणच्याच्या फोडी, फरसाण, खारवलेली मासळी यांतलं मीठ एवढ्याशा जिवाला फार होतं.

दुसरी तऱ्हा बघणाऱ्याला मोठी लोभस वाटते. चांगला किडा किंवा दाणा सापडला की सरदार तो गिळत नाही. घाईघाईनं कुकुक करतो, दाणा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो. कोंबड्या धावत येतात आणि दाणा त्यांच्या पोटात जातो. कोंबड्यांना रिझवण्याची ही कोंबड्याची जातिवंत रीत आहे. मार्सेल गायगर आणि पीटर मार्लर या अभ्यासकांनी १९८८ साली तिची एक गंमत नोंदवली. कधी कधी कोंबडा खाण्याजोगं काही नसतानाही तीच हाळी देतो, आणि कोंबडी दूर असेल तेव्हा हे जास्त घडतं.

पाळणाऱ्यानं यातून एक गोष्ट घ्यावी. भांड्याशी सर्वांत जास्त गडबड कोंबड्याची दिसते, म्हणजे त्याचं पोट भरलं असं नव्हे. आठवड्यातून एकदा त्याला उचलून छातीच्या मधल्या हाडावर हात फिरवावा. हाड सुरीच्या धारेसारखं वर आलेलं लागलं, तर तो झडतो आहे. अशा वेळी थोडे दाणे त्याला वेगळे, कोंबड्या नसताना द्यावेत.

दाणे कोणते, हाही प्रश्न आहेच. दुकानात मिळणारं ‘लेअर’ खाद्य अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी बनवलेलं असतं. कवच तयार व्हावं म्हणून त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. कोंबड्याला त्याच्या पाव हिश्शात भागतं. नको असलेलं कॅल्शियम महिनोन्‌महिने पोटात गेलं, तर त्याची मूत्रपिंडं बिघडतात. सोपा मार्ग असा, की सगळ्यांना ‘ग्रोअर’ खाद्य द्यावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. कोंबड्या गरजेपुरता खातात, कोंबडा सहसा त्या वाटीकडे फिरकत नाही.

नुसत्या पांढऱ्या भातावर कोंबडी पोसणाऱ्यांनी बटाव्हियाची, म्हणजे आजच्या जाकार्ताची गोष्ट लक्षात ठेवावी. १८९० च्या सुमारास डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन तिथे बेरीबेरी या आजाराचं कारण शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप सुधारल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानं तो भात द्यायला नकार दिला आणि कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या. त्या कोंड्यातलं जीवनसत्त्व म्हणजे थायमिन, ब-१. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे गिरणीतला कोंडा सहज मिळतो. भात घालायचाच असेल, तर तो कोंडा मिसळून घालावा आणि सोबत ज्वारी, बाजरी, भरडलेला मका असावा.

आता सरदारच्या जिवावर बेतलेली तऱ्हा. घरात नवीन फ्रिज आला आणि खोक्यातला थर्माकोल परसात गेला. सरदारनं त्याला चोच मारली, पांढरे मणी उडाले आणि चौघेही त्यावर तुटून पडले. कोंबड्यांना थर्माकोलचं भारी वेड. हलका, पांढरा, चोच मारताच फुटणारा. दाण्याचीच जात वाटावी असा. परसात लांब गवत होतं, खोकं बांधलेली नायलॉनची सुतळीही पडली होती. तीही गेली.

कोंबड्याला दात नाहीत. गिळलेलं सगळं आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, मग हळूहळू पेट्यात जातं. मटणाच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच हा पेटा. त्यात बारीक खड्यांच्या मदतीनं दाणे भरडले जातात. सुतळी भरडली जात नाही. ती गवताला गुंडाळते आणि वाट अडवते.

पुढच्या दिवसांत सरदार मान लांब करून झटके देऊ लागला. दाण्यापाशी यायचा, पण टिपायचा नाही. सकाळी खुराड्यातून काढलं तेव्हा रात्रभर उपाशी असूनही त्याची पिशवी भरलेली होती, हाताला लिंबाएवढी घट्ट गाठ लागत होती. शेजाऱ्यांनी सुचवलं, तेल पाजा आणि उलटा धरून चोळा. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी हे ऐकताच हात जोडले. उलटं धरलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत तेल-पाणी उतरतं आणि तो तिथल्या तिथे गुदमरतो. त्यांनी जागा बधिर करून पिशवीला छोटी चीर दिली आणि चिमट्यानं आतलं बाहेर काढलं: गवताचा पिळा, त्यात सुतळी, मध्ये पांढरे मणी आणि आंबलेल्या दाण्यांचा उग्र वास. टाके पडले, काही दिवस मऊ खाणं झालं आणि सरदार वाचला. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

थर्माकोल, सुतळी, पतंगाचा मांजा, रबर, प्लॅस्टिकचे तुकडे परसातून रोज वेचायलाच हवेत. खिळे, स्टेपलरच्या पिना आणि जीआय तारेचे तुकडे त्याहून वाईट. पेट्याच्या दाबानं टोकदार धातू भिंत भोकसतो आणि तारेवरचं जस्त अंगात भिनतं. खुराड्याला जाळी ठोकली, की खालची माती चुंबक फिरवून साफ करावी. गवत खायला घालायचं तर बोटाच्या पेराएवढं कापून घालावं. कच्चा राजमा, हिरवट बटाट्याची सालं, चॉकलेट आणि अवोकाडो अजिबात देऊ नये.

पावसाळ्यात खाद्याला बुरशी लागू देऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. कुबट वास आलेली पेंड किंवा मका वाळवला तरी विष जात नाही. तो टाकून द्यावा, जनावरांनाही घालू नये.

शेवटचं सांगणं एवढंच. रोज सकाळी दाणे टाकण्याआधी कोंबड्याच्या गळ्याखाली हात लावा. पिशवी मऊ आणि रिकामी असेल तर काळजी नाही. ती भरलेली, घट्ट किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली, चोचीला आंबूस वास आला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.