लायब्रऱ्या ठेवाव्यात कोठे?

पायथॉन या संगणकभाषेत तयार आज्ञावलींच्या संचाला 'लायब्ररी' म्हणतात. एका ठिकाणी एका लायब्ररीची एकच आवृत्ती नांदते. नवी बसवली की जुनी जाते. मग जुनीवर बेतलेले, प्रबंधासाठी केलेले शब्दगणनेचे काम ऐन वेळी अडू शकते. यावर २०१२ साली पायथॉन ३.३ मध्ये 'व्हेन्व्ह' हा उपाय आला. प्रत्येक कामाचे स्वतंत्र फोल्डर व त्यात त्याच्यापुरत्या लायब्रऱ्या! मी शब्दसूची व आलेख यांची कामे अशीच वेगळी ठेवतो. डेबियन लिनक्सची १२ वी आवृत्ती (२०२३) तर मूळ पायथॉनमध्ये 'पिप'ने लायब्ररी बसवू देत नाही. कारण प्रणालीची स्वतःची काही साधनेही त्यावरच चालतात. विद्यार्थ्यांनी आवृत्तिक्रमांकांची यादी मात्र जपावी. फोल्डर नष्ट झाले, तरी तिच्या आधारे ते पुन्हा उभारता येते.