बाळाला जुलाब, उपास आईला?

साडेतीन महिन्यांचं बाळ घेऊन एक आई दवाखान्यात आली. सोबत सासूबाई होत्या. बाळाला दोन दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होत होते. पण मला जास्त काळजी वाटली ती आईला बघून. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला. दोन दिवस ती नुसत्या मेतकूट-भातावर होती. डाळ, पालेभाजी, दूध, दही सगळं बंद. तिच्या खाण्यातलंच काहीतरी बाळाला बाधलं, असं घरात ठरून गेलं होतं.

मी विचारलं, "आजी, अंगावरच्या दुधाशिवाय बाळाला काय देता?"

"काही नाही हो. फक्त सकाळची गुटी, आणि आठवड्यापासून रात्री एक बाटली."

बहुतेक वेळा दुखणं या 'फक्त'मध्ये असतं. सहाण, गुटीचं पाणी, बाटलीचं बूच, न धुतलेले हात यांतून जंतू बाळाच्या पोटात जातात. आईने खाल्लेली वांग्याची भाजी किंवा ताक काही तसंच दुधात उतरत नाही. अन्न पचून रक्तात गेल्यावर त्यातल्या घटकांपासून स्तनांत दूध नव्याने तयार होतं. त्यात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडंही असतात. म्हणून जुलाबात अंगावर पाजणं थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं.

आधी हे जुलाबच आहेत ना, ते बघा. निव्वळ आईच्या दुधावरचं बाळ दिवसातून सात-आठ वेळाही पिवळी, पातळ, मोहरीसारखे कण असलेली शी करू शकतं. बाळ खेळतंय, वजन वाढतंय, तर त्यात काही बिघडलेलं नाही. शी अचानक पाण्यासारखी झाली, नेहमीपेक्षा बरीच वाढली, तर ते जुलाब.

मग आईने काय खायचं? रोजचं, चौरस आणि पोटभर. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा रोज सुमारे 600 कॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. म्हणजे जवळजवळ एक जास्तीचं जेवण. ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा पोळी, वाटीभर घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, मेथी-शेपूची भाजी, भात, वर चमचाभर तूप. पचत असेल तर दूध, दही, ताक. खात असाल तर अंडी, मासे. मधल्या वेळी नाचणीचं सत्त्व, केळं, मूठभर शेंगदाणे. अळिवाचा किंवा डिंकाचा लाडू आवडीने खा, पण त्यावर जेवण भागवू नका. बाळाला पाजायला बसताना पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा आणि तहान लागेल तेवढं प्या. अन्न ताजं, गरम असावं. शिळ्या अन्नाने आईचंच पोट बिघडलं, तर तिच्या हातांवाटे जंतू बाळापर्यंत पोचतात. तसं झालं तरी पाजणं चालू ठेवा, हात साबणाने धुवा आणि स्वतः जलसंजीवनी घ्या.

आईला पथ्य नको, याला एक अपवाद आहे. काही थोड्या बाळांना आईच्या आहारातल्या गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असते. शीमध्ये वारंवार चिकट आव किंवा रक्ताचे धागे दिसतात, अंगावर इसब उठतो. अशा वेळी डॉक्टर काही आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून बघतात. ते मनाने करू नका. तुम्ही रेचक, काढा किंवा अँटिबायोटिक घेत असाल तर तेही आम्हाला सांगा.

बाळाची गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर आणि बाटली बंद करा. जुलाब थांबवणारं औषध दुकानातून आणून देऊ नका. जलसंजीवनी किती आणि कशी पाजायची ते डॉक्टरांना विचारा. मोठ्या पुडीला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं आणि 24 तासांत उरलेलं फेकायचं. गोड तयार पेयं तिच्या जागी चालत नाहीत. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला झिंक रोज 10 मिलिग्रॅम आणि त्यापुढच्याला 20 मिलिग्रॅम, असं 14 दिवस देतात. जुलाब थांबले तरी ते पूर्ण करा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची रोटाव्हायरसची लस चुकवू नका.

बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा. मोठ्या बाळाचीही टाळू किंवा डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, सारख्या उलट्या होऊ लागल्या, ताप चढला, बाळ मलूल पडलं किंवा ओढून प्यायचं थांबलं, तर थेट दवाखाना गाठा.

त्या दिवशी मी बाळाला तपासून होईपर्यंत आजींनी डब्यातली भाकरी-उसळ सुनेपुढे ठेवली होती. तुम्हीही निघताना आईला दोन घास खाऊ घाला, आणि रिक्षात बसल्यावर बाळाला पाजत पाजतच या.