गॅलरीतली जाई फुलत का नाही?

गॅलरीत वेल लावणाऱ्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. कुंडी चांगली मोठी आहे, पाणी वेळच्या वेळी घालतो, शेणखतही दिले. वेल छताला जाऊन टेकली, पण फूल म्हणून नाही! मग कोणी खत बदलतो, कोणी कुंडी बदलतो, आणि शेवटी ‘शहराची हवाच वाईट’ असा निकाल लागतो. हवेला दोष देण्यापूर्वी फूटपट्टी, थोडा दोरा आणि घड्याळ घेऊन गॅलरीत बसावे, असे मी सुचवीन. वेलीची बरीचशी दुखणी या तीन साधनांनी सापडतात.

मुळात वेल म्हणजे काय? पाने उजेडात न्यायची आणि ती तोलून धरायची, यासाठी झाड जाडजूड खोड बांधते. हे लाकूड तयार करण्यात त्याची वर्षानुवर्षांची कमाई खर्च होते. वेल हा खर्च वाचवते. ती शेजारच्या झाडाचा आधार घेते आणि वाचलेले अन्न लांबी वाढवण्याकडे वळवते. रानातल्या सावलीत उगवलेल्या वेलीचा पहिला उद्योग एकच, उजेड सापडेपर्यंत लांब होत जाणे. या काळात तिची कांडी लांब आणि पाने विरळ असतात. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या रानात पांढरी कुसर फुललेली दिसते. तिची फुले शोधायची तर नजर वर, झाडांच्या माथ्याकडे न्यावी लागते. गॅलरीच्या छताला टेकलेली, पण न फुललेली वेल नेमके हेच करीत असते. तिचा शोध अजून संपलेला नाही.

“पण आमच्या गॅलरीत तर लख्ख उजेड आहे,” असे तुम्ही म्हणाल. येथे आपला डोळा आपल्याला फसवतो. भर दुपारच्या उन्हात पृष्ठभागावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत तो साधारण १०,००० लक्सच्या आसपास असतो, आणि ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत जेमतेम २००-३०० लक्स. म्हणजे ऊन आणि खोली यांत तीनशे पटींहून अधिक फरक. तरीही दोन्हीकडे आपण पुस्तक सहज वाचतो, कारण डोळ्याची बाहुली लहानमोठी होते आणि दृष्टिपटलही आपली संवेदनक्षमता बदलून घेते. पानाजवळ अशी काही सोय नाही. त्याला मिळालेल्या प्रकाशाचा रोखठोक हिशेब असतो. घरातील मोठ्यांच्या मोबाइलमध्ये लक्स मोजण्याची सोय असेल, तर कठड्यावर, मध्ये आणि भिंतीलगत अशा तीन ठिकाणी मापे घेऊन पाहा. आकडे अगदी अचूक नसतील, पण त्यांतील फरक पाहून तुम्ही चकित व्हाल.

आता फूटपट्टी घ्या. दुपारी सूर्य आकाशात किती वर येतो हे काढण्याचा नियम सोपा आहे: ९० अंशांतून आपल्या गावाचे अक्षांश वजा करायचे आणि त्यात सूर्याची क्रांती मिळवायची. (सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असेल तर क्रांती वजा करायची.) पुण्याचे अक्षांश साधारण १८.५ अंश उत्तर. त्यावरून २२ डिसेंबरला मध्यान्हीच्या सूर्याचे उन्नतांश ४८ येतात, २१ मार्चला ७१.५, एप्रिलच्या मध्याला सुमारे ८१.५, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. तोच आपला शून्य सावलीचा दिवस.

समजा, गॅलरी दक्षिणेकडे आहे, तिची रुंदी १.२ मीटर आहे आणि जमिनीपासून २.७ मीटरवर वरच्या मजल्याचा स्लॅब थेट कठड्यापर्यंत आलेला आहे. स्लॅबच्या कडेखालून येणारे ऊन आत किती शिरेल? २.७ ला उन्नतांशाच्या टॅनने भागा. डिसेंबरात उत्तर येते २.४ मीटर, म्हणजे सारी गॅलरी ओलांडून ऊन खोलीत शिरते. मार्चमध्ये ९० सेंटिमीटर, एप्रिलच्या मध्याला अवघे ४० आणि मेच्या मध्याला शून्य! वेली मोगऱ्याचा बहर नेमका एप्रिल-मेमध्ये असतो, आणि भिंतीलगत ठेवलेल्या कुंडीला तेव्हा दुपारचे ऊन शिवतसुद्धा नाही. दिवाळीत कुंडी ठेवताना तिथे छान ऊन होते, हे खरे. पण ते डिसेंबरकडे झुकणारे ऊन होते.

पूर्वेच्या गॅलरीचा हिशेब अधिक सुखाचा आहे. सूर्य खालून वर येतो, त्यामुळे ऊन आधी खोलवर शिरते आणि मग हळूहळू मागे सरते. समोर उंच इमारत नसेल, तर मार्चमध्ये भिंतीलगतच्या कुंडीलाही सकाळचे सुमारे साडेचार तास ऊन मिळते, आणि वर्षभर यात फार मोठा फरक पडत नाही. पश्चिमेचेही गणित तेच. मात्र तिथली भिंत संध्याकाळी तापलेली असते आणि कुंडीतली माती लवकर सुकते. उत्तरेच्या गॅलरीला हिवाळ्यात थेट ऊन मुळीच नाही. तिथे फुलवेलीचा हट्ट धरू नये हे उत्तम.

ऊन पुरेसे असूनही फुले नसतील, तर छाटणीकडे पाहावे. जाई, जुई, मोगरा यांना फुले येतात ती मुख्यतः नव्या फुटीवर. मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई-जुई डिसेंबर-जानेवारीत छाटावी. हिरव्यागार लांब फांद्या कापायला घरातल्यांचा हात धजत नाही. पण जुनी, उंच वाढलेली वेल राखून ठेवायची आणि फुलांची वाटही पाहायची, हे दोन्ही एकदम जमत नाही. नत्र जास्त असलेले खत ओतत राहिले तर पानेच माजतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आधार किती जाडीचा?

सगळ्या वेली सारख्या चढत नाहीत. कृष्णकमळाला स्प्रिंगसारखे ताणे असतात. मधुमालतीची पाने गळतात, पण देठांचे बुडखे काटेरी आकड्यांसारखे मागे राहतात आणि त्यांच्या जोरावर ती दुसऱ्या फांद्यांवर अडकते. जाई तर नुसती रेलते. तिला सुतळीने सैलसर बांधावेच लागते. ‘गुंडाळत चढणे’ पाहायचे असेल तर वासाच्या वेली बाजूला ठेवून एखाद्या कुंडीत वाल किंवा गोकर्ण पेरा. वेल वीतभर झाली की शेजारी काठी न लावता शेंड्यामागे कागद उभा करा आणि दर पंधरा मिनिटांनी शेंड्याची जागा पेन्सिलीने टिंबून ठेवा. शेंडा हवेत गोल फिरत असल्याचे दिसेल. चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकून पडला असताना त्याने हॉपच्या वेलीचा शेंडा असाच तासन्‌तास पाहिला. एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटे लागतात, असे त्याला आढळले. चढणाऱ्या वनस्पतींवरील त्याचा हा अभ्यास १८६५ साली प्रसिद्ध झाला. आंधळ्याने काठी फिरवून वाट शोधावी, तसा हा शेंडा आधार शोधतो. काठी लागली की फिरण्याचेच रूपांतर वेढ्यात होते.

वेढा कोणत्या दिशेने पडला तेही पाहा. वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत वेल वर जात असेल, तर तो नेहमीच्या स्क्रूसारखा उजवा मळसूत्री वेढा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगाच्या निरनिराळ्या भागांतील गुंडाळणाऱ्या वेली तपासल्या, तेव्हा ९२ टक्के वेढे उजवे निघाले. उत्तर गोलार्ध असो की दक्षिण, फरक पडला नाही. वेल सूर्यामागून फिरते ही लोकप्रिय समजूत यामुळे निकालात निघते.

आता दोरा घ्या. एक गोल पेन्सिल टेबलाच्या कडेला घट्ट बांधून तिच्यावरून दोरा सोडा. एका टोकाला छोटे कुलूप बांधा आणि दुसऱ्या टोकाला ते तोलून धरण्यापुरत्या टाचण्या एकेक करून लावा. मग दोऱ्याला पेन्सिलीभोवती आणखी एक पूर्ण वेढा द्या. आता फारच थोड्या टाचण्या पुरतात! घर्षणगुणांक ०.३ असेल तर दर वेढ्यागणिक पकड ६.६ पट होते. दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट, तिसऱ्याने २८५ पट. धक्क्याला लागलेली मोठी बोट खलाशी खुंटाला दोराचे तीन-चार वेढे देऊन एका हाताने रोखतो, त्यातले मर्म हेच. वेलही याच भांडवलावर उभी असते. उलट घर्षणगुणांक ०.१ असेल तर एका वेढ्याने पकड दुपटीलाही पोचत नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नळावरून वेल घसरते ती यामुळे.

गंमत अशी, की या हिशेबात काठीची जाडी कुठेच येत नाही. मग जाड खांबावर वेल का गुंडाळत नाही? कारण पकडीला आधी ताण हवा. शेंड्याला स्वतःचा असा एक बाक असतो. काठी त्या बाकाच्या मानाने बारीक असली की वेल आणखी आवळू पाहते आणि काठीला दाबून धरते. खांब फारच जाड असला तर खांबाला पुरा वळसा पडण्यापूर्वीच शेंडा स्वतःकडे वळून सुटतो. अशी एक कमाल जाडी असते, हे २००६ साली दोन संशोधकांनी गणिताने दाखवले. घरगुती निष्कर्ष एवढाच: पन्नास रुपयांचा काथ्याचा दोर किंवा बोटभर जाडीची बांबूची कांब ही सुबक, रंगवलेल्या चार इंची नळापेक्षा वेलीला अधिक मानवते.

या आधाराच्या बाबतीत एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. ३० सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या कुंडीत सुमारे २१ लिटर माती मावते. पाणी घातल्यावर तिचे वजन सहज तीस किलोच्या पुढे जाते. ती कठड्यावर ठेवणे किंवा कठड्याबाहेर टांगणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर संकट टांगणे. त्यात वेल पसरली की ती शिडासारखे काम करते. वळवाचा वारा ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने आला, तर दर चौरस मीटरवर सुमारे २४० न्यूटन, जवळजवळ २४ किलो वजनाएवढा, दाब पडतो. दोन चौरस मीटरच्या दाट जाळीवर हा धक्का ५० किलोंच्या घरात जाईल. पानांतून काही वारा निसटतो, तरी हिशेब पुरा धरावा. जाळी भिंतीला स्क्रूने पक्की करावी, कुंडी जमिनीवर ठेवावी, आणि मेअखेर एकदा सगळे बांध तपासावेत.

वास येतो तो कसा?

जाईच्या वासातील एक प्रमुख घटक म्हणजे बेंझिल ॲसिटेट. त्याचा रेणू हवेत सेकंदाला सरासरी २२० मीटर वेगाने धावत असतो. मग कठड्यावरचा वास निमिषात खोलीत यायला हवा. पण हवेच्या रेणूंशी सतत टकरा होऊन त्याची वाट इतकी वाकडी होते, की केवळ विसरणाने एक मीटर अंतर तोडायला त्याला जवळजवळ एक दिवस लागेल. शिवाय अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट होतो. प्रत्यक्षात वास आपल्यापर्यंत येतो तो वाऱ्याच्या पाठीवर बसून. सेकंदाला १० सेंटिमीटर इतकी, अंगाला जाणवणारही नाही अशी झुळूकही तेच अंतर दहा सेकंदांत तोडते. म्हणून वेल कुठे लावायची हे ठरवताना संध्याकाळी उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहावे. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री बहुधा जमिनीकडून. तिथे दुपारची परीक्षा रात्री लागू पडेलच असे नाही.

दिवसा तापलेल्या जमिनीवरून हवा उसळत वर जाते आणि वास विस्कटून पातळ करते. सूर्यास्तानंतर हवा निवते, आणि वासाचा पट्टा बराच वेळ जमिनीलगत टिकून राहतो. याच वेळी निशाचर पतंग बाहेर पडतात, आणि यातल्या अनेक वेली फुलतात त्या त्यांच्यासाठी. मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलताना पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि नंतर लाल होते. अंधारात दिसायला पांढरा रंग सोयीचा. तिचे जुने शास्त्रीय नाव ‘क्विस्क्वालिस’ होते; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोण? कसा?’ असा प्रश्नच होतो! आता तिला काँब्रेटम इंडिकम म्हणतात.

जुईची किंवा मोगऱ्याची न उमललेली कळी हुंगली तर वास जवळजवळ येत नाही. वास कळीत साठवून ठेवलेला नसतो. उमलण्याच्या सुमारास तो तयार होऊन बाहेर पडू लागतो, आणि फूल खुडले तरी काही तास हे काम चालू राहते. चमेलीचे तेल करण्याच्या जुन्या पद्धतीत तीळ आणि ताजी फुले यांचे थर रचून ठेवीत, ते यासाठीच. तुम्हीही करून पाहा. दुपारी चारला पाच टपोऱ्या कळ्या काढून झाकणाच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत ठेवा आणि रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाने बाटली उघडून वासाला शून्य ते पाच गुण द्या. दोघांनी मिळून करावे, पण एकमेकांची वही पाहू नये. नाकाला वासाची सवय लवकर होते, म्हणून दोन नोंदींच्या मध्ये गॅलरीतून निघून दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे. सूर्यास्ताची वेळ दिनदर्शिकेतून घेऊन नोंदींच्या शेजारी लिहावी, आणि हाच प्रयोग एकदा दिवा लावलेल्या खोलीत व एकदा अंधाऱ्या खोलीत करून दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत.