पगारपत्रकातील कपात

बारावीची परीक्षा संपली आणि २०२३ च्या एप्रिलात मी तारकर्लीच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात कामाला लागलो. नेमणूक हॉटेलची नव्हे, माणसे पुरविणाऱ्या एका ठेकेदाराची. पगार १२,६०० रुपये ठरला होता. बँकेत जमा झाले १०,९६०. आईने विचारले, "बाकीचे पैशे खंय गेले रे?" मला सांगता येईना. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष करांतील फरक मी परीक्षेत बिनचूक लिहून आलो होतो, पण हातातली पगाराची चिठ्ठी वाचता येत नव्हती!

वडील रापणीवर जातात. ते म्हणाले, "मासळीचे पैशे इले काय आधी जाळ्याचो वाटो निघता. तुझ्या कागदार जाळा खयचा ता बघ." मग मी ठेकेदाराशी भांडायचा बेत रहित करून चिठ्ठी घेऊन बसलो.

मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० आणि घरभाडे भत्ता ६००. पहिल्या रकमेवर १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, भविष्य निर्वाह निधीसाठी कापले होते. हे पैसे जात नाहीत, आपल्याच नावे साठतात. मालकालाही तितकीच भर घालावी लागते. त्याच्या वाट्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे वळतात.

उरलेले २०० रुपये व्यवसाय कराचे. हा कर केंद्राचा नव्हे, राज्याचा. संविधानाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा हिशेब बसतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा पगार तेवढाच, पण तिला हे २०० रुपये लागले नाहीत. स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर हा कर १ एप्रिल २०२३ पासून माफ झाला होता. मला आधी तो पक्षपात वाटला होता, हे कबूल करतो. महाराष्ट्राने हा कर १९७५ साली बसविला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्या योजनेवर खडी फोडणाऱ्या मजुराच्या मजुरीत नोकरदारांचा असा वाटा होता. हे समजल्यावर ते २०० रुपये मला फारसे टोचले नाहीत.

प्राप्तिकर मात्र चिठ्ठीत नव्हता, कारण वर्षभर राबलो असतो तरी माझे उत्पन्न करपात्र झाले नसते. तो भेटला माझ्या मित्राला. पर्यटकांच्या चित्रफिती जोडून देण्याचे त्याला त्या हंगामात ४०,००० रुपये ठरले. देणाऱ्याने १० टक्के, म्हणजे ४,००० उगमातच कापले. मित्र सतरा वर्षांचा. अल्पवयीन मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, असे आम्हांला कोणीतरी सांगितले होते. ते खरे, पण स्वतःच्या श्रमाने किंवा कौशल्याने मिळविलेले उत्पन्न त्याला अपवाद आहे. तेव्हा वडिलांनी पालक या नात्याने मित्राच्याच नावे विवरणपत्र भरले. पगारदारांचा 'सहज' नमुना इथे चालला नाही, 'सुगम' घ्यावा लागला. २०२३-२४ ची कमाई, पण करनिर्धारण वर्ष २०२४-२५, या घोळात एक संध्याकाळ गेली. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात दोहोंच्या जागी 'करवर्ष' हा एकच शब्द आहे. बरे झाले.) विवरणपत्र भरण्यापूर्वी '२६ एएस' या उताऱ्यात कापलेले ४,००० सरकारजमा झाल्याची नोंद दिसली, म्हणून परतावा विनासायास मिळाला.

त्यावरून मला माझ्या निधीची आठवण झाली. 'उमंग' वर पासबुक उघडले, तर एप्रिल व मेच्या नोंदी होत्या, जूनची नव्हती. जूनच्या चिठ्ठीवर १,४४० कापल्याचे स्वच्छ लिहिलेले! पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा व्हायला हवा, आणि इथे तर वर्ष उलटले होते. ठेकेदार म्हणाला, "होईल." दोन वेळा "होईल" ऐकल्यावर मी चिठ्ठी जोडून निधी कार्यालयाकडे तक्रार नोंदविली. तिसऱ्या महिन्यात नोंद उमटली.

वडिलांना पासबुक दाखविले. अक्षर बारीक, त्यांना दिसेना. त्यांनी एवढेच विचारले, "जाळ्याचो वाटो पावलो मां?"