विस्रब्ध पृच्छा : वर्गातील वातावरण आणि गुरु-शिष्य संबंध

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय वर्णिले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिल्या दोहोंसाठी महाविद्यालयात तासिका नेमता येतात. संभाषेसाठी मात्र केवळ तासिका पुरत नाही. तिला अनुकूल वातावरण लागते. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

आचार्यगुण

या अध्यायात शिष्याच्या परीक्षेपूर्वी आचार्याची परीक्षा सांगितली आहे, ही बाब लक्षणीय आहे. आचार्य शास्त्रज्ञ, दृष्टकर्मा व जितहस्त असावा; त्याचबरोबर तो अकोपन, क्लेशक्षम, शिष्यवत्सल आणि ज्ञापनसमर्थही असावा. स्वतःस विषय येणे व तो दुसऱ्यास समजावून देता येणे ही भिन्न सामर्थ्ये होत. सुश्रुताचार्यांनी तर उपनयनप्रसंगी आचार्यासही वचनबद्ध केले आहे. शिष्य योग्य वर्तन करीत असता आचार्याने त्याच्याकडे अन्यथा दृष्टीने पाहिले, तर तो पापाचा धनी होतो व त्याची विद्या निष्फळ ठरते.

भयाचा परिणाम

संधायसंभाषेच्या वर्णनात निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, पराभवाच्या भीतीने उद्विग्न होऊ नये आणि दुसऱ्यास निरुत्तर केल्यावर हर्ष मानू नये, असा उपदेश आहे. वर्गासही हाच नियम लागू करावा, असे आमचे मत आहे.

नाडीपरीक्षेचे प्रात्यक्षिक घ्यावे. अध्यापक गती दाखवितात व “समजले ना?” असे विचारतात. सर्वजण मान डोलावतात. ज्यास काहीच जाणवले नाही, तोही उपहासाच्या भयाने होकार देतो. अज्ञान प्रकट न झाल्याने त्याची चिकित्साही होत नाही. परीक्षेत तो वर्णन अचूक लिहितो; पण पुढे त्याच अनिश्चित बोटांवर रुग्ण विसंबून राहतो. चंदनाचा भार वाहणाऱ्या गर्दभाचा सुश्रुतोक्त दृष्टांत आपण विद्यार्थ्यांना ऐकवितो. तो भार लादण्यात आपला वाटा किती, हेही पाहावयास हवे.

सुश्रुतसंहितेतील योग्यासूत्रीय अध्यायात छेद्यकर्माचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी इत्यादी फळांवर, तर बंधनाचा अभ्यास कृत्रिम पुरुषाकृतीवर सांगितला आहे. तेथे चूक झाली तरी कोणास इजा होत नाही. प्रश्नांच्या बाबतीत वर्ग हेच असे योग्यास्थान असावे.

काही सूचना

१. “समजले का?” याऐवजी “काय जाणवले?” असे विचारावे व प्रत्येकास उत्तरास अवधी द्यावा.

२. चुकीच्या उत्तरामागील विचार आधी ऐकावा. दोष त्या विचारात दाखवावा, व्यक्तीत नव्हे.

३. संस्कृतची पूर्वतयारी नसलेल्यांस सूत्राचा अन्वय लावून द्यावा. सुश्रुतोक्त पद-पाद-श्लोक हा क्रम, अतिद्रुत वा अतिविलंबित न होता, आजही उपयुक्त आहे.

४. उत्तर ठाऊक नसल्यास अध्यापकाने तसे सांगावे आणि शिष्यासमवेत ग्रंथ उघडावा.

२०२२ च्या नियमावलीने पदवी अभ्यासक्रमाच्या आरंभी संक्रमण पाठ्यक्रम आणला, हे स्वागतार्ह होय. परंतु विश्वास काही दिवसांत पूर्ण होत नाही. तो प्रत्येक तासिकेत जपावा लागतो. आंतरवासीय विद्यार्थ्यांना आपल्या चिकित्सालयात बसविणारे वैद्यही या अर्थी आचार्यच होत. रुग्णासमोर त्यांचा अवमान टाळावा आणि रुग्ण गेल्यावर त्यांच्या शंकांसाठी थोडा वेळ राखून ठेवावा, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे.