महाविद्यालयाची निवड : पहिला निर्णय दहावीनंतरच

जोयडा तालुक्यातील खेडी काळी नदीच्या खोऱ्यात, दाट वनात विखुरलेली आहेत. सूपा धरणाच्या जलाशयात जुने सूपा गाव बुडाल्यानंतर तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले. अशा भागातील मुलामुलींना महाविद्यालयात धाडणे म्हणजे बहुधा घरापासून दूर ठेवणे होय. निवड चुकल्यास पैसा आणि आयुष्यातील मोलाची वर्षे, दोन्ही वाया जातात.

महाविद्यालयाचा विचार बारावीनंतर करावा, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः दहावीनंतर पदवीपूर्व वर्गासाठी विषय निवडतानाच पुढील बरेचसे मार्ग ठरून जातात. जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय शिक्षण, आणि गणित सोडल्यास अभियांत्रिकी पदवी दुरावते. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित आणि जीवशास्त्र घेतल्यास दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. मात्र अभ्यासाचा भार वाढतो. ज्यांना लवकर कमावते होणे आवश्यक आहे त्यांच्यासाठी दहावीनंतरची तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका उपयुक्त ठरते. तिच्या आधारे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो.

जिल्ह्यातील सोयी

कारवार येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. दांडेली येथे कला, विज्ञान व वाणिज्य शाखांचे पदवी शिक्षण मिळते. शिरसी येथील वनशास्त्र महाविद्यालय धारवाडच्या कृषी विश्वविद्यापीठाचे असून तेथील पदवी चार वर्षांची आहे. ज्यांचे बालपण वनात गेले, त्यांच्या परिचयाच्या विषयाला येथे शास्त्राची जोड मिळते. राज्याच्या वनक्षेत्रपाल पदाच्या थेट भरतीत वनशास्त्र पदवीधरांसाठी वाटा राखीव असतो. तथापि हा वाटा वेळोवेळी बदलत आला आहे. म्हणून केवळ एका नोकरीवर भिस्त ठेवून पदवी निवडू नये.

दाखल्यांची तयारी

सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे होणाऱ्या प्रवेशांत, पहिली ते दहावीपर्यंत राज्याच्या ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी 15 टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी मुख्याध्यापकांचा दाखला व त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. कृषी अभ्यासक्रमांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीही स्वतंत्र जागा असतात. जात व उत्पन्नाचे दाखले अर्जाची मुदत सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवावेत. केवळ कागद वेळेवर न मिळाल्याने हक्काची जागा हुकणे, याहून मोठी हानी नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी

महाविद्यालय कोणत्या विश्वविद्यापीठाशी संलग्न आहे, अभ्यासक्रमास मान्यता आहे काय, वसतिगृह मिळेल काय आणि सर्व वर्षांचा मिळून खर्च किती, हे पालकांनी लेखी विचारून घ्यावे. मागील वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हेही विचारावे. जाहिरातीपेक्षा त्यांचे उत्तर अधिक विश्वासार्ह असते.

शिक्षकांनी नववीच्या वर्षीच पालकांची सभा घेऊन ही माहिती द्यावी. मुलाची आवड, त्याची कुवत आणि घरची ऐपत या तिन्हींचा मेळ घालून घेतलेला निर्णयच टिकाऊ ठरतो.