हंगामी शेतमालाची स्वस्त आयात : कायद्यात बदल कशासाठी?

परदेशातून स्वस्त माल आला की बाजारभाव पडतात आणि ‘हे डंपिंग आहे, शुल्क लावा’ अशी मागणी होते. परंतु कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक स्वस्त माल म्हणजे डंपिंग नव्हे. शिवाय नाशवंत, हंगामी मालाचे नुकसान खरे असूनही ते कायद्याच्या मापात बसत नाही, असे घडू शकते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या टोमॅटो उत्पादकांना हा अनुभव आला. त्यातूनच कायदा बदलण्याचे प्रस्ताव पुढे आले. हा विषय आपण समजावून घेऊ.

डंपिंग कशाला म्हणतात?

निर्यातदार आपल्या देशातील भावापेक्षा किंवा उत्पादन खर्चापेक्षा कमी भावाने परदेशात माल विकतो, तेव्हा त्याला डंपिंग म्हणतात. शुल्क लावण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात :

१) डंपिंग झाले आहे.
२) देशातील उत्पादकांचे लक्षणीय नुकसान झाले आहे किंवा होण्याचा धोका आहे.
३) ते नुकसान डंपिंगमुळेच झाले आहे.

दुसरा मार्ग संरक्षक शुल्काचा. त्यात व्यवहार अनुचित असल्याचे दाखवावे लागत नाही. मात्र वाढत्या आयातीमुळे गंभीर नुकसान झाल्याचे सिद्ध करावे लागते.

फ्लोरिडाचा टोमॅटो

फ्लोरिडात टोमॅटोचा मुख्य हंगाम हिवाळ्याचा. नेमक्या त्याच काळात मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातील टोमॅटो अमेरिकेत येतो. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोच्या पेसो चलनाची मोठी घसरण झाली. त्यामुळे मेक्सिकोचा माल डॉलरमध्ये आणखी स्वस्त पडू लागला.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मेक्सिकोचे उत्पादक टिकाऊ वाणांचा, झाडावर रंग धरलेला टोमॅटो पाठवीत होते. फ्लोरिडाचा बहुतेक माल हिरवा तोडून इथिलीन वायूने पिकविलेला असे. म्हणजे नुकसान भावामुळे की प्रतीमुळे, हा प्रश्न होताच.

१९९५ मध्ये फ्लोरिडाच्या उत्पादकांनी हिवाळी टोमॅटोसाठी तातडीचे संरक्षण मागितले. चौकशी आयोगाने मात्र हिवाळ्याचा टोमॅटो वेगळा न धरता वर्षभराचे उत्पादन विचारात घेतले आणि मागणी फेटाळली. १९९६ मध्ये टोमॅटो व ढोबळी मिरचीसाठी केलेला अर्जही फेटाळला गेला.

सरासरीचा घोळ

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, देशात वर्षाला १०० टन टोमॅटो विकला जातो. हिवाळ्यातील ३० टन मालावर किलोमागे ४ रुपये तोटा होतो, म्हणजे १,२०,००० रुपये. उरलेल्या ७० टनांवर किलोमागे ३ रुपये नफा मिळतो, म्हणजे २,१०,००० रुपये. वर्षाचा हिशेब केला तर ९०,००० रुपये नफा, किलोमागे ९० पैसे! कागदावर धंदा फायद्यात आणि हिवाळी उत्पादक मात्र कर्जात.

एखाद्या भागातील उत्पादकांचा वेगळा विचार करण्याची तरतूद जागतिक व्यापार करारात आहे. पण त्यासाठी त्यांचा जवळजवळ सर्व माल त्याच भागात विकला गेला पाहिजे. फ्लोरिडाचा टोमॅटो दूरदूरच्या राज्यांत जातो, म्हणून ही तरतूद उपयोगी पडत नाही.

कायदाबदलाचे प्रस्ताव

डिसेंबर १९९५ मध्ये सिनेट सदस्य बॉब ग्रॅहम यांनी नाशवंत मालासाठी संरक्षक शुल्काच्या कायद्यात दुरुस्ती सुचविली. जानेवारी १९९६ मध्ये सिनेटने ती मंजूर केली, परंतु तिचा कायदा झाला नाही. २०१९ मध्ये सदस्य मार्को रुबियो यांनी पुन्हा विधेयक मांडले. हंगामी उत्पादकांना डंपिंगविरोधी व अनुदानविरोधी अर्ज करता यावा आणि नुकसान त्या हंगामापुरते मोजावे, हा त्याचा गाभा होता. त्याचाही कायदा झाला नाही.

विरोधाची कारणेही दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. आपण हंगामी शुल्क लावले तर शेजारी देशही तसेच करील, ही निर्यातदार बागायतदारांची भीती. शिवाय हिवाळ्यात ग्राहकाला भाजी महाग पडेल.

कायदा बदलला नाही, तरी एक वाट निघाली. एप्रिल १९९६ मध्ये डंपिंगविरोधी अर्ज झाला आणि १ नोव्हेंबर १९९६ पासून मेक्सिकोच्या निर्यातदारांशी किमान भावाचा करार लागू झाला. एका पौंडास (सुमारे ४५४ ग्रॅम) २०.६८ सेंटपेक्षा कमी भावाने विकायचे नाही, असे ठरले. १९९८ मध्ये उन्हाळी काळासाठी वेगळा, १७.२ सेंटचा भाव ठरविण्यात आला. म्हणजे कायद्याने न मानलेला हंगाम कराराने मानला! करार वेळोवेळी नवा होत गेला, तरी मेक्सिकोचा बाजारातील वाटा वाढतच राहिला. अखेर १४ जुलै २०२५ रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली आणि बहुतेक मालावर १७.०९ टक्के शुल्क लावण्यात आले.

आपण काय शिकावे?

भारतात डंपिंगविरोधी शुल्काची तरतूद १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यात व १९९५ च्या नियमांत आहे. चौकशीचे काम व्यापार उपाय महासंचालनालय करते. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त असावे लागते. चीनच्या कच्च्या तुती रेशमावर २००३ मध्ये असे शुल्क लागले होते. विखुरलेल्या लहान शेतकऱ्यांना हे एकेकट्याने जमणारे नाही. म्हणून उत्पादक संघ, सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पुढील नोंदी ठेवाव्यात :

१) विक्रीच्या पट्ट्या तारीखवार व प्रतवारीनुसार जपून ठेवाव्यात.
२) उत्पादन खर्च प्रत्येक हंगामाचा स्वतंत्र लिहावा, वर्षाची गोळाबेरीज पुरेशी नाही.
३) न विकलेला, फेकून द्यावा लागलेला माल वजनासह नोंदवावा.
४) बाजारात आयात माल कधी व कोणत्या भावाने आला, त्याची नोंद करावी.
५) पाऊस, रोग व प्रत यांमुळे झालेले नुकसान वेगळे दाखवावे.

पाचवी नोंद अनेकांना अडचणीची वाटेल. पण आयातीमुळे नेमके किती नुकसान झाले, हे तिच्यावाचून सिद्ध होत नाही. उद्या कायद्यात हंगाम मानला गेला, तरी हंगामाचा हिशेब ज्याच्या वहीत असेल त्यालाच त्याचा उपयोग होईल. ही वही येत्या हंगामाच्या पहिल्या तोडणीपासूनच सुरू करावी.